केशरला काम पाहिजे

धनराजकाका टेम्पो घेऊन हैदराबादला एका साहेबांचं घरसामान हलवायला गेले आणि येताना रिकाम्या टेम्पोत एक कुत्री घेऊन आले. साहेब लेकाकडं परदेशी कायमचे निघाले होते. सोफा भावाला गेला, फ्रिज शेजाऱ्याला गेला, कपाट वॉचमननं नेलं, कुत्री मात्र कुणाच्याच घरात मावेना. साहेबांनी काकांचा हात धरून सांगितलं की ही आयरिश सेटर आहे, खानदानी शिकारी जात आहे, सात वर्षांची आहे, स्वभावानं फार प्रेमळ आहे. यातला ‘शिकारी’ हा एकच शब्द काकांनी आमच्या गावापर्यंत, ठाणाकुशनूरपर्यंत सांभाळून आणला. बाकीचे जहीराबादच्या आसपास कुठंतरी सांडले असावेत.

टेम्पोचं मागचं फळकं पडलं आणि अंबिकाकाकूनं आत बघितलं. अंगाचा रंग नव्या तांब्याच्या घागरीसारखा. कानाला झालर, पोटाला झालर, पायांना मागून झालर, आणि शेपटी म्हणजे देवापुढं ढाळायची चवरी. शेजारच्या जगदेवीअक्कांनी मेंदी कुठली लावली म्हणून चौकशी केली.

“हे राखणीला आणलंय का मिरवायला?” काकू म्हणाली.

काका म्हणाले, शिकारी हाय. एवढंच म्हणाले, कारण त्यांच्याकडं तेवढंच शिल्लक होतं.

काकूचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मागच्या साली रानडुकरांनी आमच्या तुरीत असा धुडगूस घातला की रास करायला गेलेल्या बायका नुसत्या गप्पा मारून परत आल्या. मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली. त्यात काकूच्या घरात एक नियम आहे, जो खातो तो काम करतो. या नियमातून मी एकटा सुटलोय, कारण मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो असं घरात मानलं जातं. दुसऱ्या कुणाला ही सवलत मिळणार नव्हती.

“येळवसपर्यंत बघू,” काकूनं निकाल दिला. “तवर कामाला लागली तर ऱ्हाईल. न्हाईतर पुढच्या भाड्याला जिकडं जासाल तिकडं सोडून या.”

येळवस म्हणजे वेळअमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात अख्खं गाव रानात जाऊन मिसळभाजीची भज्जी खातं, ताकाची आंबिल पितं, आणि वर्षभराच्या सगळ्या मुदती त्याच दिवशी संपतात. काकांनी मान हलवली. पण जेवताना त्यांनी भाकरीचा एक तुकडा गुपचूप खिशात घातला, तेव्हा मला कळलं की ही मुदत कुत्रीपेक्षा काकांना जास्त जड जाणार आहे.

साहेबांनी ठेवलेलं नाव तीन मजली इंग्रजी होतं. काकूनं रंग बघितला आणि ‘केशर’ म्हणून विषय संपवला. केशरला हुकूम कुठल्या भाषेत कळतो ते बघायला गावाच्या मराठी, कन्नड, तेलुगू आणि हैदराबादी उर्दू अशा चारी भाषा वापरून झाल्या. ती ऐकत कुठल्याच भाषेत नव्हती. शेपटी मात्र चारी भाषांत हलवायची.

पहिलं काम राखणीचं लागलं. केशरला मळ्यात मोटारीजवळ ठेवलं. भर दुपारी एक माणूस आला, त्यानं निवांत केबल कापली, गुंडाळली, खांद्यावर टाकली. जगदेवीअक्का पलीकडच्या रानातून सगळं बघत होत्या, पण त्यांना तो लाइनमनच वाटला, कारण केशर त्याच्या भोवती नाचत होती आणि नंतर त्याला डांबरी रस्त्यापर्यंत पोचवून आली. रस्त्यावर त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला म्हणे. त्याच्या बिस्किटाचा कागद आम्हाला तिच्या अंथरुणात मिळाला.

दुसरं काम रानडुकरांचं. त्याबद्दल एवढंच सांगतो की डुकरं आली, केशर बसली, डुकरांनी तूर खाल्ली. दोन्ही बाजूंनी कसलीही कटुता नव्हती.

मग प्रेमानंद मदतीला आला. प्रेमानंद माझा शाळेपासूनचा दोस्त, गावाबाहेर त्याची पोल्ट्री आहे. तिथं मुंगसाचा त्रास होता. तो म्हणाला, दे माझ्याकडं, शेडभोवती चार फेऱ्या मारल्या तरी मुंगूस यायचं न्हाई. सकाळी तिला सोडून आलो. दुपारी त्याचा फोन आला. आवाज एकदम बारीक.

“हरिओम, तुझी कुत्री बंद पडलीय.”

जाऊन बघतो तर खरंच बंद पडली होती. शेडच्या जाळीपुढं मान लांब करून, शेपटी सरळ ताणून, पुढचा एक पाय वर उचलून केशर उभी होती. आत हजारो ब्रॉयलर. ती हलेना, बसेना, पापणी पाडेना. भाकरी दाखवली, हाक मारली, कान ओढला, काही नाही. मुंगूस तिच्या पोटाखालून जाऊन आलं, असं प्रेमानंदचं म्हणणं. आत कोंबड्याही तिच्याकडं बघून गप्प झाल्या होत्या आणि दाणा खायच्या थांबल्या होत्या, हे त्याचं खरं दुःख. शेवटी आम्ही दोघांनी तिला खाट उचलतात तशी उचलली. टेम्पोत ठेवली तरी पाय वरच होता. घर आल्यावर खाली घेतला.

त्या दिवशी मी अभ्यास बाजूला ठेवला. तसा तो बाजूलाच असतो, पण त्या दिवशी ठरवून ठेवला, आणि फोनवर सेटर या जातीची सगळी माहिती काढली. संध्याकाळी ओसरीवर वाचून दाखवली.

ही जात काही शतकांची जुनी. बंदुका चांगल्या नव्हत्या तेव्हा तिकडं लोक जाळं टाकून पाखरं धरत. या कुत्र्यांचं काम एवढंच, की वाऱ्यावर वास घेत रानभर पळायचं, झुडपात तित्तरासारखं पाखरू सापडलं की भुंकायचं नाही, झडप घालायची नाही, जागच्या जागी थांबायचं किंवा दबकून बसायचं आणि मालकाला दाखवायचं, इथं आहे. मग मालक जाळं टाकायचा, कधी कधी कुत्र्यासकट. पुढं बंदुका सुधारल्या, पण यांची थांबायची सवय तशीच राहिली. यांचे चार प्रकार. ठिपकेवाला पांढरा इंग्लिश, काळा-तांबूस गॉर्डन, लाल आयरिश, आणि लाल-पांढरा आयरिश. गॉर्डन हा स्कॉटलंडच्या एका जहागीरदारानं नावारूपाला आणला. सगळ्यांचं आयुष्य साधारण बारा ते चौदा वर्षं. राखणीला निरुपयोगी, चोर आला तर दोस्ती करतात. रोज भरपूर पळवावं लागतं, बांधून ठेवलं तर डोकं फिरतं. पोट भरल्याबरोबर पळू द्यायचं नाही, पोटाला पीळ पडतो. आणि ही जात उशिरा समंजस होते, वय झालं तरी पोरपणा जात नाही.

हे शेवटचं वाक्य काकूनं मला परत वाचायला लावलं आणि वाचताना माझ्याकडंच बघत राहिली.

“म्हणजे पाखरू दिसलं की हिनं नुसतं उभं ऱ्हायचं,” ती म्हणाली.

मी म्हटलं, व्हय.

“आन मग आपण काय करायचं?”

जाळं टाकायचं, असं मी म्हणणार होतो. पण तित्तर धरणं आता गुन्हा आहे. म्हणजे आमच्या दारात एक खानदानी कारागीर उभी होती आणि तिच्या हुन्नरावर सरकारनं बंदी घातली होती. काकू भाकरी थापायला आत गेली. येळवस जवळ आली होती.

या सगळ्यात प्रेमानंदच्या वडिलांना, तात्यारावांना बोअर मारायचं होतं. आमच्याकडं बोअर मारायचं तर आधी राघोबाअप्पांना बोलावतात. अप्पा पाणी बघतात. तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी रानभर फिरायचं, जिथं नारळ आपोआप उभा राहील तिथं पाणी. पंचाहत्तरीचा माणूस, एकटाच राहतो, आजूबाजूच्या गावांत मान आहे. त्यांनी तात्यारावांच्या रानात जागा दाखवली, बोअरची गाडी लागली, आणि संध्याकाळपर्यंत नुसता पांढरा धुरळा उडाला. असं होतं कधी कधी. अप्पा चप्पल घालून गेले.

तात्याराव मात्र तापले होते. तेवढ्यात बांधावरच्या घाणेरीच्या झुडपापुढं केशर थांबलेली त्यांना दिसली. मी तिला पळवायला तिकडं नेलं होतं. मान लांब, शेपटी सरळ, पाय वर.

“हे काय करायलंय?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, तित्तर हाय झुडपात. ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. रागारागानं त्यांनी गाडीवाल्या सेल्वमला हाक मारली आणि म्हणाले, कुत्रीच्या नाकासमोर मार. मशीन तिथं नेलं तेव्हा झुडपातून तीन तित्तरं फडफडत उडाली. सगळ्यांनी बघितली. आणि थोड्या वेळानं त्याच जागेतून पाणी असं उसळलं की सेल्वमची लुंगी भिजली.

मी लोकांना समजावून सांगितलं. फोन दाखवला. जाळ्याचं, गॉर्डन जहागीरदाराचं, सगळं सांगितलं. गावानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणालं, पाखरू पाणी असेल तिथंच बसणार ना.  स्पर्धा परीक्षेत असले प्रश्न येत नाहीत.

त्यानंतरचे दिवस केशरचे. औरादहून जीप आली, भालकीहून जीप आली. एक जण अफजलपूरहून म्हणजे पार भीमेकाठाहून आला, ज्याच्या रानात कालव्याचं पाणी होतं. नुसती बघून जाऊ म्हणाला. केशरच्या कपाळाला कुंकू लागलं. काकू तिच्यासाठी दुधात भाकरी कुस्करायला लागली, तीही दोन वेळ थोडी थोडी, पोटाला पीळ पडू नये म्हणून. काका पुन्हा मोठ्यानं हसायला लागले. आणि राघोबाअप्पांना कुणी बोलवेना. ते देवळाच्या पारावर बसायचे आणि त्यांच्यासमोरून जीप जायची, पुढच्या सीटवर केशर, कान वाऱ्यावर.

काकूलाही आमच्या रानात बोअर मारायचंच होतं. सेल्वमची गाडी गावातच होती. मुहूर्त निघाला येळवसच्या दोन दिवस आधीचा. काका म्हणाले, केशर घरचीच हाय, तिनं दाखवलं की झालं. काकू म्हणाली, माझ्या सासऱ्यापासून या रानात अप्पांनी पाणी बघितलंय, त्यांना टाळून मी मशीन लावू देणार न्हाई. शेवटी ठरलं की दोघांनाही बोलवायचं, आणि दोघांची जागा एक निघाली तर उत्तम.

निम्मं गाव बांधावर जमलं. आधी अप्पा. पांढरी बंडी, धोतर, अनवाणी, तळहातावर नारळ. सगळं रान फिरले आणि बाभळीपासून थोडं खाली नारळ हळूच उभा राहिला. अप्पांनी तिथं दगड ठेवला आणि बाजूला येऊन उभे राहिले.

मग मी केशरची साखळी सोडली. ती आनंदानं सुटली. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, अख्खं रान विंचरून काढलं तिनं. बाभळीखालचा दगड तिनं दोनदा ओलांडला, त्यावर एकदा मुतली, थांबली मात्र नाही. आणि मग आमच्यासमोरून वाऱ्याच्या तोंडाला जाताना एकदम ब्रेक लागला. मान लांब. शेपटी सरळ. पाय वर. नाकाच्या सरळ रेषेत राघोबाअप्पा.

 तात्याराव जाणकार म्हणून पुढं आले आणि म्हणाले, अस्संच, माझ्या रानात बी अस्संच. कुणीतरी म्हणालं, अप्पांच्या पायाखाली पाणी हाय, सरका अप्पा. अप्पा दहा पावलं सरकले. केशरचं नाक दहा पावलं सरकलं. अप्पा पलीकडं गेले, नाक पलीकडं गेलं. आता पाणी पायाखाली आहे हा मुद्दा टिकेना. पाणी अप्पांच्यातच आहे, एवढाच अर्थ शिल्लक राहिला. सेल्वमनं हिंदीत विचारलं, मशीन कुठं लावू. कुणी त्याच्याकडं बघेना.

अप्पा बराच वेळ केशरच्या डोळ्यांत बघत राहिले. मग त्यांनी बंडीची दोन बटनं काढली, आतल्या खिशात हात घातला आणि कोंबडीचं एक पिल्लू बाहेर काढलं. पिवळं, मुठीएवढं.

“ह्याच्या आईला मुंगसानं नेलं,” ते म्हणाले. “थंडीचं मरंल म्हणून खिशात घेऊन फिरायलोय.”

केशरचा वर उचललेला पाय थरथरला. प्रेमानंद हळूच म्हणाला की म्हणजे हरिओम खरं सांगत होता. हे पचवायला गावाला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

बोअर अप्पांच्या दगडावर मारलं. दुपारपर्यंत धुरळा, मग चिखल, मग पाणी. फार नाही, पण तुरीला आणि घराला पुरेल एवढं. काकू अप्पांच्या पाया पडली. मग वळून तिनं टेम्पोच्या चाकाला बांधलेल्या केशरकडं बघितलं. म्हणजे हिला पाण्यातलं काही कळत न्हाई, असं म्हणाली, आणि काकांना म्हणाली, परवा येळवस, तेरवा तुमचं सोलापूरचं भाडं हाय ना.  काका टेम्पोच्या टायरला हवा आहे का ते वाकून बघत राहिले. हवा सकाळीच भरली होती.

आमच्या घरी चहा झाला तरी अप्पा गेले नाहीत. माझ्याजवळ येऊन बसले आणि विचारलं, ही जात जगते किती. बारा ते चौदा वर्षं, मी म्हटलं, नीट ठेवली तर. हिचं वय किती. सात. अप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

“मग मला बी तेवढंच धर,” ते म्हणाले. “दोघांचं संगंच उरकंल. माझ्याकडं दे हिला.”

मी प्रामाणिकपणे सगळे दोष सांगितले. राखण करणार नाही. रोज कोसभर पळवावी लागते. अप्पा म्हणाले, मी दिवसभर रानंच तुडवतो की, आणि प्रत्येक वस्तीवरची कुत्री माझ्या धोतराला येतात, हिची समद्यांशी दोस्ती हाय. मी म्हटलं, तुमच्या घरी कोंबड्या, ही त्यांच्यापुढं दिवसभर पाय वर करून उभी राहील.

“ऱ्हाऊ दे. माझ्या घरात कुणी कशाकडं एवढं लक्ष देऊन बघितलंय, लई दिवस झाले.”

हे काकूच्या कानावर गेलं आणि ती कप तिथंच ठेवून आली. कुत्री कोण मागायलंय, म्हणाली. आणि मग ओसरीवर जे झालं ते मी फक्त लग्नाच्या बैठकीत बघितलंय. घरात कोण कोण. मी आणि कोंबड्या. स्वयंपाक कोण करतं. मीच. दूध कुणाकडचं घेता. पत्रा गळतो का. एका कोपऱ्यात गळतो. मग तो कोपरा आधी बुजवून घ्या. आंघोळीला गरम पाणी मिळंल का. अप्पा अंगणात उकिडवे बसून एकेक उत्तर देत होते आणि पिल्लू बंडीतून डोकं काढून ऐकत होतं.

शेवटी काकांनाच राहवेना. “अगं, आत्ता तर सोडून यायला सांगत होतीस.”

“सोडणं निराळं आन देणं निराळं,” काकू म्हणाली. “दारातून मागून न्यायला माणूस आलाय. मग रीतीनं जाईल. आन येळवस झाल्याबिगर मी पाठवत न्हाई.”

येळवसला रानात भज्जी झाली, आंबिल झाली. केशरनं दोन्ही खाल्लं, आणि पोट भरल्यावर पळू नये म्हणून काका तिच्या अंगावर हात टाकून झोपले. संध्याकाळी काकूनं तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि ओटी काढली. ओटी घ्यायला पदर लागतो. केशरच्या गळ्यात नवा टॉवेल बांधला आणि त्यात तांदूळ, खोबरं, गुळाचा खडा आणि ब्लाऊजपीस घातला. ब्लाऊजपीस कामून, असं विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. काकूचे डोळे बघितले आणि गिळलं.

अप्पांचं घर आमच्या घरापासून देवळाच्या पलीकडं, बिडी पेटवून संपायच्या आत पोचता येतं. तरीही काकांनी टेम्पो काढला. पुढं केशर आणि तिच्या शेजारी अप्पा, खिशात पिल्लू. केशर खिडकीबाहेर बघायची सोडून अप्पांच्या छातीकडं टक लावून बसली, पाय वर. टेम्पो देवळाकडं वळायच्या ऐवजी सरळ औरादच्या रस्त्याला लागला. काकांना मोठा वळसा घालून जायचं होतं. लेक गल्लीतच दिली असं कुणी म्हणायला नको.

मी आणि काकू चालत गेलो आणि कधीच पोचलो. अप्पांच्या अंगणात कोंबड्या फिरत होत्या. कोपऱ्यातल्या पत्र्यावर नवा तुकडा ठोकलेला होता. काकूनं तो हातानं दाबून बघितला, मग उंबऱ्याजवळ भाकरतुकडा घेऊन उभी राहिली. अंधार पडत चालला तरी टेम्पो दिसेना.

“वेळ लागणारच,” काकू मला समजावत म्हणाली. “लांबची वाट हाय.”